पँथर २ चा बुरूज: १:३५ प्रतिकृतीसाठी निवड, मोजमाप आणि बांधणी

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांना पँथर २ हे पँथर रणगाड्याच्या नियोजित सुधारित आवृत्तीचे नाव परिचयाचे असते, परंतु त्यांच्या मनात असलेला रणगाडा आणि प्रत्यक्षात तयार झालेला रणगाडा यांत मोठे अंतर आहे. बाजारातील संचांच्या खोक्यांवर आणि संगणकावरील युद्धखेळांत हा रणगाडा अरुंद बुरूज (धडावरचा फिरणारा, तोफ असलेला भाग) आणि ८.८ सेंटिमीटरची लांब तोफ घेऊन उभा दिसतो. प्रत्यक्षात या रणगाड्याचे एकच धड पूर्ण झाले, त्यासाठी आखलेला बुरूज कधीच तयार झाला नाही, आणि अमेरिकेतील फोर्ट बेनिंग येथे जतन केलेल्या त्या धडावर युद्धानंतर जो बुरूज बसवला गेला तो पँथर जी या वेगळ्या आवृत्तीचा आहे. त्यामुळे या रणगाड्याची प्रतिकृती करताना खरा निर्णय बुरुजाचाच असतो. माझे मत असे आहे की बुरूज निवडणे म्हणजे तारीख निवडणे होय. एकदा तारीख निश्चित केली की मॅन्टलेट (तोफेच्या मुळाशी असलेली चिलखती ढाल), छताची जाडी, दुर्बिणीची छिद्रे, तोफेची लांबी या सगळ्या गोष्टी तिच्यामागून ठरत जातात, आणि तारीख न ठरवता सुरू केलेले काम दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांची सरमिसळ होऊन बसते.

या लेखातील सर्व मापे १:३५ या प्रमाणासाठी काढली आहेत. १:४८ किंवा १:७२ मध्ये काम करणाऱ्यांनी मूळ मिलिमीटरना आपल्या प्रमाणाने भागून घ्यावे.

पहिली पायरी: धड कशासाठी बदलले ते समजून घ्यावे

पँथरच्या धडाच्या बाजूला, पट्ट्यांच्या मागे, खालच्या भागात केवळ ४० मिलिमीटर जाडीचा उभा पत्रा होता. सोव्हिएत पायदळाकडे १४.५ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी बंदुका फार मोठ्या संख्येने होत्या, आणि जवळून मारलेली त्यांची गोळी हा पत्रा भेदू शकेल अशी चिंता पँथर आघाडीवर जाण्यापूर्वीच व्यक्त होऊ लागली. १९४३ च्या फेब्रुवारीत न्यूरेंबर्ग येथील एम. ए. एन. कंपनीत झालेल्या बैठकीत नवीन पँथरची रूपरेषा मांडली गेली. तिच्यात पुढचा पत्रा ८० ऐवजी १०० मिलिमीटर, बाजू ६० मिलिमीटर, आणि गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंतचे शक्य तितके भाग पुढे टायगर २ म्हणून ओळखल्या गेलेल्या जड रणगाड्याशी समान ठेवण्याचे ठरले. नेहमीच्या पँथरची रबरी धावेची ८६० मिलिमीटर व्यासाची चाके जाऊन ८०० मिलिमीटरची पोलादी धावेची चाके आली आणि प्रत्येक बाजूचे आस आठांऐवजी सात झाले.

त्याच वर्षीच्या वसंतात या समस्येवर कितीतरी स्वस्त उपाय सापडला. धडाच्या बाजूला सुमारे ५ मिलिमीटर जाडीचे सुटे पत्रे टांगले की त्या गोळ्यांचा प्रश्न सुटतो असे चाचण्यांतून दिसले, आणि जुलै १९४३ मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरलेल्या पँथरवर ते पत्रे लावलेलेही होते. पँथर २ चे मुख्य कारणच त्यामुळे उरले नाही. मे आणि जून १९४३ नंतर त्याचे काम मागे पडले, मात्र त्याच्या धडाच्या आखणीतून मिळालेला अनुभव पँथर जी या आवृत्तीच्या धडात वापरला गेला.

ही हकीकत बुरुजाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण हा प्रकल्प धडापासून सुरू झाला आणि बुरूज त्याच्या मागे राहिला. धडाचे काम थांबल्यानंतरही बुरुजाचे काम स्वतंत्रपणे चालू राहिले, आणि त्यातून जे निघाले ते पँथर २ च्या वाट्याला न येता पँथर एफ या वेगळ्या आवृत्तीकडे गेले. प्रतिकृतींमधील बहुतेक गोंधळाचे मूळ इथे आहे.

प्रत्यक्ष काम सुरू करताना आपल्या संचातील धड आधी तपासून घ्यावे. प्रत्येक बाजूला सात आस आहेत का, पोलादी चाकांचा व्यास २२.९ मिलिमीटरच्या आसपास भरतो का, या दोन गोष्टी व्हर्नियर कॅलिपरने मोजाव्यात. आठ आस असतील तर ते नेहमीच्या पँथरचे धड आहे, आणि त्यावर कोणताही बुरूज बसवला तरी पँथर २ होत नाही.

दुसरी पायरी: तारीख ठरवावी

माझ्या मते पाच तारखा विचारात घेण्याजोग्या आहेत, पण त्यांचे वजन सारखे नाही. पहिली, युद्धकाळातील चाचणीचे धड, ज्यावर बुरूज नसून वजनाची कडी होती. दुसरी, युद्धानंतर अमेरिकेत या धडाला मिळालेले, पँथर जी चा बुरूज असलेले रूप. तिसरी, ७ नोव्हेंबर १९४३ ही ऱ्हाइनमेटाल या जर्मन कंपनीच्या आराखड्यावरची तारीख. चौथी, १९४३ च्या उन्हाळ्यात हा रणगाडा उत्पादनात गेला असता तर त्याला कोणता बुरूज मिळाला असता, हे कल्पित. पाचवी, १९४४ चा उत्तरार्ध आणि १९४५ चा आरंभ, म्हणजे अरुंद बुरूज आणि ८.८ सेंटिमीटरच्या तोफेचे प्रस्ताव.

पहिल्या दोन रूपांना वस्तूचा आधार आहे, तिसऱ्याला कागदाचा. चौथे तर्काने उभे राहते. पाचव्यातील घटक खरे आहेत, पण ते पँथर २ साठी नव्हते. ज्याला जे आवडेल ते त्याने जरूर करावे, फक्त आपण यांपैकी काय करत आहोत हे स्वतःशी स्पष्ट असावे.

वजनाची कडी असलेले धड

पँथरचा बुरूज सुमारे साडेसात टनांचा होता. चालन, निलंबन आणि गिअरबॉक्स यांची चाचणी घ्यायची तर तेवढा भार धडावर हवाच, म्हणून बुरुजाच्या जागी धातूची जाड कडी रचण्यात आली. प्रतिकृतीकारांनी या रूपाकडे केलेले दुर्लक्ष मला खटकते. युद्धकाळात पँथर २ ज्या एकमेव अवस्थेत जमिनीवर चालला ती ही आहे, आणि बांधायलाही ती सर्वांत सोपी आहे. स्टायरीन शीटमधून गोल चकत्या कापून, त्या एकावर एक चिकटवून, कडा वॉटर पेपरने साफ कराव्यात. दोन कड्यांमधील सांधा मात्र पुट्टीने बुजवू नये, कारण ती सुटी रचलेली वजने आहेत आणि तशीच दिसायला हवीत. कड्यांची संख्या आणि व्यास जुन्या छायाचित्रांवरून, धडाच्या रुंदीशी तुलना करून ठरवावेत.

पँथर जी चा बुरूज, म्हणजे युद्धानंतरचे रूप

युद्धानंतरचे हे रूप जसेच्या तसे करायचे असेल तर पँथर जी चा चांगला बुरूज असलेला कोणताही संच उपयोगी पडतो. बुरुजाच्या कड्याचा, म्हणजे धडावर बुरूज ज्या वर्तुळात बसून फिरतो त्याचा, व्यास १६५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या प्रमाणात ४७.१ मिलिमीटर आहे. संचांत कड्याची रचना सोपी केलेली असते, त्यामुळे धडावरील भोक थोडे लहान-मोठे भरले तर घाबरून जाऊ नये. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे धड आणि बुरूज जोडत असल्यास मात्र बुरुजाची खाचच कापून नवीन बसवणे श्रेयस्कर.

या बुरुजाचा पुढचा पत्रा ११० मिलिमीटर जाड आणि सुमारे १२ अंश कललेला, बाजू व पाठ ४५ मिलिमीटर जाड आणि २५ अंश कललेल्या, छत १६ मिलिमीटरचे, आणि मॅन्टलेट १०० मिलिमीटर जाडीचे, आडव्या नळीसारखे गोलाकार आहे. या गोलाकार मॅन्टलेटमध्येच पँथरचा प्रसिद्ध दोष दडलेला आहे. त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर आदळलेला गोळा खाली वळून चालकाच्या डोक्यावरील पातळ छतावर येऊ शकत असे. सप्टेंबर १९४४ पासून काही पँथर जी वर मॅन्टलेटच्या तळाशी हनुवटीसारखा उभा कठडा देण्यात आला तो यासाठीच. आपण ज्या छायाचित्रांवरून काम करत आहोत त्यांत हा कठडा आहे की नाही हे पाहूनच भाग निवडावा.

कमांडरचा क्युपोला, म्हणजे छतावरील निरीक्षणाचा छोटा घुमट, ओतीव आणि सात पेरिस्कोपांचा असावा. मॅन्टलेटवर मुख्य दुर्बिणीसाठी एकच छिद्र असावे, कारण नोव्हेंबर १९४३ पासून दोन नळ्यांच्या दुर्बिणीऐवजी एका नळीची दुर्बीण आली होती.

हे रूप करताना रंगकामाचाही प्रश्न येतो. युद्धातील चिन्हे, पलटणीचे आकडे, चिखलाने माखलेले पट्टे असे काहीही या जोडणीला लागू होत नाही, कारण पँथर २ चे धड आणि पँथर जी चा बुरूज ही जोडी कोणत्याही रणांगणावर गेलेली नाही. उघड्यावर अनेक वर्षे उभ्या असलेल्या आणि वेळोवेळी रंगवलेल्या यंत्राचे रूप देणे हेच प्रामाणिक काम ठरेल.

नोव्हेंबर १९४३ चा आराखडा

पँथरचा मूळ बुरूज ऱ्हाइनमेटालने आखला होता, आणि पँथर २ साठीचा बुरूजही त्याच कंपनीच्या आराखड्यातून आपल्यासमोर येतो. त्यात मॅन्टलेट अरुंद केलेले आहे. मूळ पँथरचे मॅन्टलेट बुरुजाच्या पुढच्या भागाची जवळपास सगळी रुंदी व्यापत असे. नव्या आराखड्यात बुरुजाचे तोंड निमुळते करून मॅन्टलेट तोफेपुरते आक्रसले आहे. तोफ मात्र ७.५ सेंटिमीटरची, ७० कॅलिबर लांबीचीच, म्हणजे नळीच्या व्यासाच्या ७० पट लांब, राहिली. पँथर २ ला ८.८ सेंटिमीटरची तोफ मिळणार होती या समजुतीला या आराखड्यात आधार नाही, आणि मला हा मुद्दा या संपूर्ण विषयात सर्वांत निर्णायक वाटतो.

आराखड्याची तारीख नोव्हेंबरची आणि धडाचे काम थांबले ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला, ही विसंगतीही ध्यानात ठेवावी. हे रूप बांधणारा माणूस कागदावरच राहिलेल्या वस्तूला घनरूप देत असतो. आराखड्याची प्रत आपल्या प्रमाणात आणताना तोफेच्या लांबीवर विसंबावे: ७५ मिलिमीटर गुणिले ७० म्हणजे ५२५० मिलिमीटर, प्रतिकृतीत १५० मिलिमीटर. ही लांबी बुरुजाच्या आतील, दारूगोळा भरण्याच्या टोकापासून धरलेली आहे. बाहेर दिसणारी नळी तेवढी लांब करणे ही नेहमी घडणारी चूक आहे.

बुरुजाच्या कललेल्या बाजू कापताना एक छोटा हिशेब फार उपयोगी पडतो. २५ अंशांच्या कलासाठी दर १० मिलिमीटर उंचीमागे पत्रा ४.७ मिलिमीटर आत झुकतो, २० अंशांसाठी ३.६ मिलिमीटर आणि १२ अंशांसाठी २.१ मिलिमीटर. जाड पुठ्ठ्याचा एक उभा साचा या मापाने कापून बुरुजाच्या आत टेकवून ठेवला, की चारही पत्रे डोळ्यांच्या अंदाजाशिवाय योग्य कोनात उभे राहतात. सांधे पूर्ण वाळल्यावरच साचा काढावा.

उन्हाळा १९४३ चे कल्पित

काही जणांना पँथर २ लढाईत उतरलेला दाखवायचा असतो. त्यांनी पँथर डी या पहिल्या उत्पादित आवृत्तीचा बुरूज घ्यावा असे मी सुचवेन, कारण १९४३ च्या जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंत उत्पादनात तोच होता. त्याचा क्युपोला उभ्या डब्यासारखा, पेरिस्कोपांऐवजी सहा थेट फटींचा असतो, आणि मॅन्टलेटवर दुर्बिणीची दोन छिद्रे असतात. बुरुजाच्या बाजूंवरील धूरनळकांडी जून १९४३ च्या सुमारास बंद झाली, त्यामुळे प्रतिकृतीची तारीख त्यानंतरची असेल तर ती लावू नयेत. झिमेरिट हा चुंबकी सुरुंगांविरुद्धचा खरबरीत लेप सप्टेंबर १९४३ मध्ये सुरू झाला. उन्हाळ्यातील रणगाड्यावर तो शोभणार नाही.

अरुंद बुरूज आणि ८.८ सेंटिमीटरची तोफ

आता सर्वांत लोकप्रिय रूपाकडे वळू. जर्मनांनी ‘श्माल्टुर्म’ म्हटलेला हा बुरूज १९४४ मध्ये डाइम्लर-बेंझ कंपनीने विकसित केला आणि त्याची चाचणी पँथर जी च्या धडावर झाली. त्यामागील विचार अतिशय हुशारीचा होता. समोरून दिसणारे लक्ष्य लहान करायचे, गोळा खाली वळवणारे गोल मॅन्टलेट काढून टाकायचे, चिलखत वाढवायचे, अंतरमापक दुर्बीण बसवायची, आणि हे सगळे करताना वजन वाढू द्यायचे नाही. पुढचा पत्रा १२० मिलिमीटरचा होऊन २० अंश कलला, बाजू व पाठ ६० मिलिमीटरच्या झाल्या, छत ४० मिलिमीटरचे झाले, आणि तोफेभोवती शंकूच्या आकाराचे, सुमारे १५० मिलिमीटर जाडीचे मॅन्टलेट आले. समोरचा भाग अरुंद झाल्यामुळे पोलादाचे क्षेत्रफळ घटले आणि तेच पोलाद जाडीत वापरता आले.

प्रतिकृतीत या फरकांचे काय होते ते पाहू. बाजूचा पत्रा १.२९ मिलिमीटरवरून १.७१ मिलिमीटरवर जातो, आणि तो फरक मिटलेल्या बुरुजात कोणालाच दिसत नाही. छत मात्र ०.४६ मिलिमीटरवरून १.१४ मिलिमीटरवर जाते, आणि झाकणे उघडी ठेवल्यास कडेची जाडी थेट नजरेत भरते. म्हणून झाकणे उघडी दाखवणाऱ्यांनी छताच्या भोकांच्या कडा आतून पट्ट्या लावून जाड कराव्यात. बंद ठेवणाऱ्यांनी त्यावर वेळ घालवू नये.

अंतरमापक दुर्बीण त्सायस कंपनीची, १.३२ मीटर पायाची होती. ती बुरुजाच्या पुढच्या भागात आडवी बसत असे आणि तिची दोन टोके दोन्ही बाजूंच्या पत्र्यांतून गोलसर फुगवट्यांच्या रूपाने बाहेर दिसत. आपल्या प्रमाणात दोन भिंगांमधील अंतर ३७.७ मिलिमीटर येते. संचातील फुगवटे बसवण्यापूर्वी ते आधी चिकटपट्टीने लावून हे अंतर मोजावे. ते फार कमी किंवा फार जास्त भरत असेल तर बुरुजाची रुंदी किंवा फुगवट्याची जागा चुकलेली आहे. पुढचा पत्रा आणि बाजू यांच्या जोडणीचा कोन तपासण्याची हीच सर्वांत खात्रीची रीत आहे. तोफेशेजारील मशीनगन या बुरुजात एम. जी. ३४ ऐवजी एम. जी. ४२ होती, तेव्हा नळीचे टोक त्यानुसार बदलावे. या बुरुजांपैकी एकाचे अवशेष इंग्लंडमधील बॉव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात आहेत, आणि पत्र्यांच्या कडा एकमेकींत कशा गुंतवून जोडल्या होत्या हे पाहायला त्यांची छायाचित्रे अमूल्य आहेत.

या बुरुजात ८.८ सेंटिमीटरची, ७१ कॅलिबरची तोफ बसवण्याचे प्रस्ताव युद्धाच्या अखेरच्या महिन्यांतील आहेत. ऑक्टोबर १९४४ मध्ये क्रुप कंपनीने एक रेखाटन दिले, ज्यात बुरुजात कमीत कमी बदल करून तोफ पुढे सरकवली होती. डाइम्लर-बेंझने बुरुजाचे कडेच १०० मिलिमीटरने मोठे करण्याचा मार्ग सुचवला. फेब्रुवारी १९४५ मध्ये दोन्ही पर्यायांची तुलना झाली आणि काम डाइम्लर-बेंझकडे सोपवण्यात आले, परंतु ते लाकडी नमुन्यापलीकडे गेले नाही. हे दोन्ही प्रस्ताव पँथर एफ च्या संदर्भातील आहेत. तोपर्यंत पँथर २ चे धड सोडून दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

तोफ मोठी केल्याने जागेचा प्रश्न किती बिकट होतो हे आकडे सांगतात. ७.५ सेंटिमीटरच्या तोफेचा चिलखतभेदी गोळा काडतुसासह सुमारे ८९ सेंटिमीटर लांब होता, तर ८.८ सेंटिमीटरचा सुमारे ११२ सेंटिमीटर. अरुंद केलेल्या बुरुजात, तोफेच्या मागे, एवढा लांब गोळा वळवून भरायला माणसाला जागा हवी. प्रतिकृतीत आतला भाग दाखवणाऱ्यांनी २५.५ आणि ३२.१ मिलिमीटर लांबीच्या दोन काड्या कापून त्या बुरुजात तोफेमागे धरून पाहाव्यात. डाइम्लर-बेंझला कडे का वाढवावेसे वाटले ते लगेच लक्षात येते.

हे रूप बांधायचे तर मी पुढील क्रम सुचवेन. धड पँथर जी किंवा एफ चे, म्हणजे आठ आसांचे घ्यावे. क्रुपचा पर्याय करताना कडे ४७.१ मिलिमीटरचे ठेवावे, डाइम्लर-बेंझचा करताना ५० मिलिमीटरचे. दोन्ही एकत्र करू नयेत. ८.८ सेंटिमीटरच्या तोफेची एकूण लांबी ६२४८ मिलिमीटर, म्हणजे १७८.५ मिलिमीटर येते, ७.५ सेंटिमीटरच्या तोफेपेक्षा ती २८.५ मिलिमीटरने अधिक आहे. टायगर २ च्या प्रतिकृतींसाठी मिळणारी धातूची नळी इथे चालते. ती बरीच पुढे येत असल्याने, बुरूज सुटा ठेवल्यास तोंडाकडे झुकतो. म्हणून बुरुजाच्या मागच्या भागात आतून शिशाचा एक तुकडा पक्का चिकटवावा. झिमेरिट सप्टेंबर १९४४ मध्ये बंद झाले होते, म्हणून पत्रे नितळ ठेवावेत.

संचात सात आसांचे धड आणि ८.८ सेंटिमीटरचा बुरूज एकत्र आले असतील, आणि तशीच जोडणी करायची इच्छा असेल, तर ती करण्यात गैर काही नाही. ती कल्पित म्हणून करावी.

पृष्ठभागाबद्दल थोडेसे

बुरुजाचे सपाट पत्रे लाटलेल्या पोलादाचे असतात, मॅन्टलेट आणि क्युपोला ओतीव. रंगाच्या एकाच थराखाली हा फरक पुसला जातो, म्हणून ओतीव भागांवर पातळ केलेली पुट्टी ताठ ब्रशने टिपून किंचित खरबरीतपणा आणावा आणि सपाट पत्र्यांना हात लावू नये. महाराष्ट्रातील वाचकांना हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयातील युद्धकालीन रणगाडे जवळून पाहावेत. तिथे पँथर नाही, पण ओतीव बुरूज आणि पत्र्यांचा बुरूज यांवर उन्हात सावली कशी वेगवेगळी पडते हे कळायला तेवढे पुरे आहे.

शेवटची पायरी: पट्टी लिहावी

प्रतिकृतीच्या तळाशी नावाची पट्टी लावताना केवळ ‘पँथर २’ असे लिहू नये. बुरूज कोणता आणि तारीख कोणती, हे दोन्ही त्यात असावे. ‘पँथर २, चाचणीचे धड, वजनाच्या कड्यांसह’, ‘पँथर २, पँथर जी च्या बुरुजासह, संग्रहालयातील अवस्था’, ‘पँथर २, ऱ्हाइनमेटालच्या नोव्हेंबर १९४३ च्या आराखड्यानुसार’, ‘पँथर एफ, ८.८ सेंटिमीटर तोफेचा प्रस्ताव, १९४५’ अशा ओळी पुरेशा आहेत. उन्हाळा १९४३ च्या रूपासाठी आणि सात आसांच्या धडावरील ८.८ सेंटिमीटरच्या बुरुजासाठी ‘कल्पित’ हा शब्द पट्टीवर पहिला यावा, आणि अक्षरे बाकीच्या मजकुराइतक्याच आकाराची असावीत.